रविवार ते बुधवार

कुर्डुवाडी, ३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
वैदेहीचा सा. न. वि. वि.

सकाळी फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहिते, कारण फोनवरचं तू कानाआड करतोस. जबडा आवळलाय, घास जात नाही म्हणालास. वीस वर्षं मावा चघळल्यावर दुसरं काय होणार? दवाखान्यात धावू नकोस. आठवडाभर मावा बंद, कोमट पाण्याच्या गुळण्या आणि तोंड उघडण्याचा व्यायाम, मग बघू. दुकानातल्या पेटीचा खिळा टाचेत गेला त्याचं कौतुक पुरे. वहिनीनं हळद भरली ना? झालं तर. घर शांत झालं म्हणून ती खुशीत असेल.

राग आला तरी ऐक, एवढीच विनंती.

तुझी,
वैदेही

---

भवानी पेठ, सोलापूर
१० ऑगस्ट

सौ. वन्संना,
यशोदाचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी आलं, ते वाचायच्या आत यांची पाठ कमानीसारखी ताणली. शेजारच्या चांदसाबनी रिक्षातून नेलं. धनुर्वात निघाला. डॉक्टर म्हणाले, जंतू टाचेतच बसलाय, त्याचं विष नसांतून वर चढलं. स्नायू सैल करणारा निरोपच ते अडवतं, म्हणून आधी जबडा, मग मान, पाठ. विषावरचं औषध दिलंय, पण नसांत भिनलेल्यावर ते चालत नाही. ते विष ओसरेपर्यंत व्हेंटिलेटर. भांडं पडलं तरी झटका येतो, म्हणून खोलीत अंधार आणि माझा फोन बंद. एवढ्यात येऊ नका, पत्रच लिहा. लई भीती वाटते की हो.

लोभ आहेच, आता धीरही द्या.

यशोदा

---

कुर्डुवाडी, १३ ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

डायरीत पाहिलं. दादाचा फोन रविवारी आला, तुम्ही दवाखाना गाठलात बुधवारी. मधले तीन दिवस माझे. मी बी.एस्सी. झालेली, मुलांना शाळेत विज्ञान शिकवणारी. जबडा आणि खिळा ही दोन्ही एकाच फोनवर ऐकली आणि जोडली नाहीत, कारण मला माव्यावरून बोलायचं होतं. हे लिहिते ते तुम्हाला खरं कळावं म्हणून, की माझं ओझं उतरावं म्हणून, हे मलाही सांगता येत नाही. दादा वाचला तर हे पत्र त्याला द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा.

माझ्यावर रागावलात तरी खुशाली कळवत राहा.

वैदेही

---

भवानी पेठ, सोलापूर
२३ सप्टेंबर

चि. वैदेहीस,
अ. उ. आ.

परवा घरी आलो. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. यशोदेनं तुझं पत्र काल दिलं. झटका येतो तेव्हा शुद्ध जात नाही, वैदू. हाडं मोडतील असं वाटतं आणि सगळं कळत असतं. तेव्हा मला तुझा राग आला होता. आजही थोडा आहे, खोटं कशाला लिहू?

पण हिशेब पुरा कर. खिळा लागला त्या दिवसापासून यशोदा रोज सांगत होती, धनुर्वाताची सुई टोचून या. मी आठवडाभर हसण्यावारी नेलं. तुला फोनही केला तो तू दवाखान्यात जा म्हणणार नाहीस या खात्रीनं. मला हवं तेच तू बोललीस.

आणखी एक ऐक. हा रोग एवढा भोगूनही शरीर काही शिकत नाही म्हणे. पुन्हा होऊ शकतो. म्हणून निघताना मला लस टोचलीच, पुढचीही घ्यायची आहे.

तोंड आता दोन बोटं उघडतं. भांडायला तेवढं पुरतं. रविवारी ये.

तुझा,
दादा