भुंगेऱ्यांची दाढ

ती. ताईस,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला अजून तसाच असेल तर राहू दे बाई. तुझ्यासमोर त्यांना तेवढाच आवाज काढता येतो.

इकडे मी बरी आहे. हे काकडीत आहेत. तू दिलेल्या बिया ह्यांनी परसात लावल्या, तेव्हा मीच खूश झाले होते. दवाखाना बंद केल्यावर दातांच्या डॉक्टरला घरात काय काम असतं गं? वेल मांडवावर चढले, फुलं आली आणि फुलांमागोमाग बिनबोलावलेले पाहुणेही आले. पिवळे, पाठीवर काळे पट्टे, तांदळाच्या दाण्याएवढे भुंगेरे. मला तर गोंडस वाटले. (मला तुझी धाकटी जाऊसुद्धा आधी गोंडसच वाटली होती.) बघता बघता पानांची चाळण झाली आणि एक वेल भरपूर पाणी असूनही मान टाकून मेला. रोपवाटिकेतली बाई म्हणाली, हे नुसतं खाऊन जात नाहीत, जाताना रोगही देऊन जातात.

झालं! ह्यांच्या अंगात डॉक्टर संचारला. उजाडताना भुंगेरे गारठून सुस्त असतात, म्हणून तेव्हाच डोक्याला दिवा, डोळ्यांवर भिंग आणि हातात चिमटा. साबणाच्या पाण्याचा वाडगा धरायला अर्थातच मी. प्रत्येक भुंगेऱ्याला उचलताना म्हणतात, "जरासं दुखेल हं." माणसांशी इतक्या मायेने बोलले असते तर निम्मे रोगी खुर्चीतून पळाले नसते.

एवढ्यावर भागेना, म्हणून माझे बैठकीतले झिरझिरीत पडदे काढून वेलांना नेसवले. आता शेजारच्या शिंप्याला आमचं ताट दिसतं आणि आम्हाला त्याचं. भुंगेरे बाहेर राहिले खरे, पण मधमाश्याही बाहेरच राहिल्या. फुलं ढीगभर, काकडी एक नाही! मग हे पडद्यात शिरून कुंचल्याने नरफुलातले पराग मादीफुलांना लावू लागले. शिंपीणबाईने कुंपणावरून विचारलं, "डॉक्टर काय करताहेत?" मी म्हटलं, "लग्नं जुळवताहेत." तिने लगेच भाचीचं वय सांगितलं.

शेवटी काकडी धरली. पहिली ह्यांनी स्वतः सोलली, मोठा तुकडा मला दिला आणि मी खाताना हे माझ्याकडे टक लावून बघत राहिले. इतक्या वर्षांनी असं बघणं! मी चक्क लाजले. तर म्हणाले, "डावीकडची दाढ किडलीय."

असो. स्थळ तूच आणलं होतंस, म्हणून तुलाच कळवते.

तुझी,
धाकटी

ता. क. पडद्यांचं फार मनावर घेऊ नकोस. मला तो रंग आवडलाच नव्हता.

पुन्हा ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठी लिहायला घेतलं: आमच्याकडचे भुंगेरे संपले. शेवटचा पकडल्यापासून हे उशिरापर्यंत पांघरूण ओढून पडून असतात, विचारलं तर "काही नाही" म्हणतात. मला बघवत नाही गं. तुझ्या भोपळ्यावर असतीलच, तर थोडे जिवंत भुंगेरे डबीतून पाठव. झाकणाला भोकं पाड आणि ह्यांना कळू देऊ नकोस. जमलं तर जोडीजोडीने पाठव, म्हणजे मोसमभर पुरतील.