आमच्या आडातली राणी

ता. २ मार्च ३६
पुतण्या वसंता याची कादंबरी एकदाची वाचून संपवली. डोळे चुरचुरतात. रामाच्याही आधीचा काळ म्हणे. गंगेला पाण्याऐवजी दूध, माणसे लाकडी हंसावर बसून त्र्यंबकला जातात, आजारपण कोणाला माहीत नाही. शेवटी राणी हिमावती पंचवटीतल्या एका आडात उतरते व अजून तिथेच आहे. आड आमचाच! फुटका काठ, शेजारी पेरू, सगळे तसेच्या तसे. असा काळ कधी नव्हता. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण शिकलेल्याने असल्या थापा छापाव्यात? शिसारी आली.

ता. ९
पाणी काढायला गेलो तो परसात परकी माणसे. उपाध्या बाळंभट, तोही कादंबरी वाचलेला, यात्रेकरूंना सीतागुंफा दाखवून थेट इकडे घेऊन आला. "ही राणीची जागा. वाका." एका बाईने हळदकुंकू, दूध, सगळे आत ओतले. म्हटले, अहो, आम्ही पितो हे पाणी. बाळंभट म्हणतो, "मग भाग्यवान आहात, आबा!"

ता. १३
फुले कुजून पाण्यावर साय धरली आहे. फडक्याने गाळले तरी वास जात नाही. चि. यमी बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले, तिच्या पोटात हेच पाणी. पटकीची धास्ती. सौ.ला म्हटले, उकळून देत जा.
"राणीचं पाणी उकळायचं?"
ही सुद्धा!

ता. १७
वसंताला यात्रेकरूंपुढे उभा केला. बोलला खरा, "मंडळी, हे सारं माझ्या डोक्यातलं. काकांच्या ओट्यावर पेरू खात रचलं." एक म्हातारी त्याच्याच पाया पडली. "तुझ्या डोक्यात कोनी घातलं लेकरा? तिनंच ना?" वसंता लाजला. मग हसला. ते हसू पाहून अंगावर पाल पडल्यासारखे झाले.

ता. १८
आडावर फळ्या ठोकल्या. पाणी शेजारून. 

ता. २१
फळ्या काढलेल्या. कोणी? सौ. म्हणाली, मी. यमीसाठी राणीला नवस केला आहे, सुटका होईपर्यंत आड झाकायचा नाही.
"अगं, ती राणी आपल्या वसंताने केली."
"सत्ययुग तरी तुम्ही कुठं बघितलंत?"
फळ्या गोळा करून ओट्याखाली सरकवल्या. 

ता. २४
पहाटेपासून यमीला कळा. सुईण एरवी तोंडाळ, आज गप्प. हे वाईट. वसंता डॉक्टर आणायला धावला, कादंबरीतल्या हंसावर बसून जा म्हणावे. सौ. बाहेर आली, माझ्या हातात नारळ दिला. "आडात सोडा. घरच्या कर्त्यानं सोडायचा."
म्हटले, वेड लागले का. ती तशीच आत गेली.
आडापर्यंत गेलो. कुजकी फुले, तेलाचा तवंग, कोणाच्या तरी केसांचा गुंतवळ.  तसाच परतलो.
ओट्यावर बसून लिहितो आहे. नारळ मांडीवर. राणी खोटी आहे, तिचे नावसुद्धा वसंताने मला विचारून ठेवले होते.
यमीचे ओरडणे थांबले. बाळाचे रडणे नाही. सौ. दाराशी, माझ्याकडे नाही, नारळाकडे बघते आहे.
नारळ घेऊन उठतो.