बाबांच्या ख्रिस्ताचा डावा हात

शिकागो,
रविवार, ३ नोव्हेंबर २०१९

प्रिय अल्गिस,

तुझं पाकीट मिळालं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तळघरातला बॉयलरही कुरकुरतो, पण दोघांनाही हा हिवाळा काढायचाच आहे. रीटाची पाठ आता कशी आहे? नातवाचा फोटो फ्रिजवर लावलाय. कान आपल्या आईवर गेलेत बिचाऱ्याचे.

फोनवर तू 'अगं, ऐकून तर घे' म्हणत माझं ऐकतच नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तू पाठवलेल्या संमतीपत्रावर मी सही केलेली नाही.

चोवीस तारखेला आपल्या चर्चमध्ये शेवटची मिस्सा होईल आणि दाराला कुलूप लागेल. बाबांनी कोरलेला लाकडी ख्रिस्त तुला तिकडे उपनगरातल्या तुमच्या नव्या चर्चमध्ये हवा आहे. इथली माणसं तो आठ गल्ल्यांपलीकडच्या चर्चमध्ये नेऊ म्हणतात, कारण यापुढे ती तिथे मिस्सेला जाणार. जाताना बाबांनी मूर्ती माझ्या नावे ठेवली, म्हणून तुझं माझ्यावाचून अडलंय. तू लिहितोस, 'आपला वारसा त्या लोकांच्या हाती राहता कामा नये.' ते लोक! अरे, चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हा दर शुक्रवारी मासे तळून विकून त्या लोकांनीच ते नीट केलं. तू बाबांच्या मूर्तीपुढे एक मेणबत्ती लावायला आला नाहीस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुझं?

तरी हे मी गिळलं असतं. तुमच्या त्या मेजवानीत तू जे बोललास ते मात्र घशाखाली उतरत नाही.

'जुनी वस्ती, जुने दिवस.' हॉलभर फुगे, हेरिंग मासा, आईसारखा न जमलेला बटाट्याचा कूगेलिस, आणि टेबलाटेबलावर तेच रडगाणं. दारांना कुलपं नसायची, पोरं अंधार पडेपर्यंत रस्त्यावर खेळायची, मग 'ते' आले आणि सगळं गेलं. एका बाईंनी मला विचारलं, "अजून तिथेच राहतेस? भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते ना. वर्षातून एकदा, तुमच्यात आले की." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मग तू उठलास. चष्मा पुसलास, आवाज भरून आणलास. म्हणालास, पहिलं काळं कुटुंब मिस्सेला आलं तेव्हा त्यांच्याकडे हात पुढे करणारा पहिला माणूस म्हणजे माझे बाबा. 'आम्ही त्यांना आपलं मानलं, त्यांनी मात्र वस्तीची माती केली.' केवढ्या टाळ्या! मूर्तीखाली पितळी पट्टीवरही हेच कोरणार आहात म्हणे. मेलेल्याला तोंड नसतं, म्हणून काय वाट्टेल ते त्याच्या तोंडी घालायचं? जनाची नाही, निदान मनाची तरी धरायचीस.

कोटांच्या खुंट्यांपाशी एक काळी बाई उभी होती. तिला तू तुझी रिकामी प्लेट दिलीस, तोंडाकडे न बघता. 'ही घेऊन जा' म्हणालास. ती तिथली वाढपी नव्हती रे. ती इव्हेट गेदर. मला आता गाडी चालवता येत नाही, म्हणून न्यायला आली होती. तुझं भाषण तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. प्लेट टेबलावर ठेवली, काटा नीट आडवा केला आणि मला म्हणाली, "निघायचं ना, मिस अल्दोना?"

गाडीत आधी माझा पट्टा लावला. मग म्हणाली, "तुमचे भाऊ बोलतात मात्र छान." त्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचं. आठवत नसेल तर वाच. आठवत असेल तर लाज वाटून घे.

शेजाऱ्याच्या हातात हात देऊन 'शांती असो' म्हणायची पद्धत तेव्हा मिस्सेत नुकतीच आली होती. आपल्या म्हाताऱ्यांना ती मुळातच पटत नव्हती. 'हे चर्च आहे की नाचघर?' असं चाललेलं. त्यात आपल्या मागच्या बाकावर ही नवी मंडळी. अर्नेस्टीन गेदर, तिचा नवरा रॉस्को, आणि पांढरे मोजे घातलेली सहा वर्षांची इव्हेट. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. अर्नेस्टीनने हात पुढे केला आणि अख्खं चर्च एकाएकी प्रार्थनापुस्तकात बुडालं. बाबा वेदीकडे बघत राहिले, हात छातीशी बांधून. वळलेसुद्धा नाहीत. तू वळलास. तिच्या हाताकडे बघितलंस, आपले दोन्ही हात खिशात घातलेस आणि पोरांना ऐकू जाईल असं म्हणालास, "रंग लागेल." पोरं फिदीफिदी हसली. ती बाई मात्र पुढची प्रार्थना सुरू होईपर्यंत हात तसाच धरून उभी होती.

हा तुझ्या भाषणातला पहिला हात!

आणि त्याच आठवड्यात

नको. चहा घेऊन येते.

त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या गेदरांच्या खिडकीतून वीट आत गेली. मी स्वयंपाकघरात बटाटे किसत होते. तू मागच्या दाराने आलास. तळहातांना लाल भुगा लागलेला. आईने बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हात धू." बाबा दारात उभे होते. तू साबण लावून, कोपरापर्यंत हात धुतलेस. मग आपण सगळे जेवायला बसलो. पलीकडे इव्हेटच्या भुवईवर टाके पडत होते. तिथे अजून केस उगवत नाहीत. तू प्लेट दिलीस तेव्हा ती भुवई तुझ्यापासून हातभर अंतरावर होती, गाढवा!

पुढचं तुला पाठच आहे. दलालांचे फोन, 'काळे आलेत, घर विकून टाका, अजून भाव येतोय.' आपल्यातलं कोणी विकणार नाही अशी चर्चच्या पायरीवर शपथ घेतलेली माणसं पहाटे पहाटे ट्रक भरून गेली. शपथ घ्यायला सर्वांत पुढे तू, आणि लग्न झाल्यावर जायलाही तूच पुढे. वस्ती त्यांनी खाल्ली नाही, अल्गिस. तुम्ही ती ताटात टाकून उठलात. ज्यांनी उष्टं उचललं त्यांनाच आता खादाड म्हणताय.

बाबा त्या हिवाळ्यात तळघरात उतरले ते वसंतात मूर्ती घेऊनच वर आले. आपल्या जुन्या देशातला तो ख्रिस्त कसा असतो, हे पोरासोरांनाही ठाऊक. विचारात बसलेला, उजवा हात गालाला, डावा गुडघ्यावर पालथा. बाबांनी डावा उताणा कोरला. उघडा, पुढे केलेला. म्हातारा यूर्गिस तोंडावर म्हणाला, "कझिमिरास, हात चुकलाय. भीक मागतोय की काय तुझा देव?" बाबा म्हणाले, "असू दे." आणि मूर्ती चर्चमध्ये मागे, गेदर बसायचे त्या बाजूला नेऊन ठेवली. पण गेदरांच्या दारापर्यंत ते कधी गेले नाहीत. मरेपर्यंत नाही.

हे मी एकदा अर्नेस्टीनला डोळे भरून सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे लाकडाचा केला पुढे. स्वतःचे होते की चांगले दोन."

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि विटेचं सांगितलं. ती म्हणाली, "ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. तुझ्या आईने दुसऱ्या दिवशी फडक्याखाली झाकून बटाट्याचं काहीतरी पाठवलं होतं. त्याआधी तुमच्या घरातून आम्हाला कधी पाणी तरी विचारलं होतं का? आणि मीठही नव्हतं त्यात." मग माझ्यावर घसरली. "तू एवढी वर्षं का गप्प होतीस? पाय मोडले होते? रस्ताच तर ओलांडायचा होता."  

शेवटी मी म्हटलं, मूर्तीचं तूच ठरव.

"हवी त्याला? नेऊ दे. बापाची आहे त्याच्या," अर्नेस्टीन म्हणाली. "पण येऊन मागू दे. शेवटच्या मिस्सेला त्याच बाकावर बसू दे. मागे मी असेन, इव्हेट असेल. शांतीची वेळ झाली की या खेपेला मी हात पुढे करणार नाही. माझा करून झालाय."

मी विचारलं, "आणि त्याने केला तर? घेशील?"

"ते तेव्हा बघेन. त्याने एवढी वर्षं घेतली. मला निदान एक मिनिट लागू दे."

तर असं आहे. त्यांच्याकडे वळलास की इव्हेटची भुवई तुला समोरच दिसेल. काय बोलायचं ते तुझं तू बघ, पण बोल. मग चर्चच्या पायरीवर मी तुला सही करून देते, मूर्ती खुशाल ने. त्या पट्टीशिवाय. नाही आलास तर ती आठ गल्ल्यांपलीकडे जाईल, आणि पुढच्या मेजवानीत तुझ्यानंतर मी बोलायला उठेन.

मिस्सा दहाला आहे. बाक विसरला असशील तर मी तिथेच असेन. रीटालाही आण, तिला काही ठाऊक नसेल. कोट कुठलाही घाल, हात खिशात जाणार नाहीत एवढं बघ.

आणि आईचं आता ऐकू नकोस. धुऊन येऊ नकोस. आहेत तसेच हात घेऊन ये.

तुझी थोरली बहीण,
अल्दोना