मोंबासाला आलेली गोधडी

मोंबासा, आफ्रिका
संक्रांतीचा दुसरा दिवस, सन १९३४

माझ्या चिचगडच्या मायले शामकलाचा दुरूनच दंडवत. भाऊ उदाराम, हे मायले मोठ्यानं वाचून दाखवजो.

आम्ही सगळे खुशाल आहो. लेकराइच्या बाबाची रेल्वेतली नोकरी बरी चालून राहिली.

माय, काल संक्रांत केली, पण जीव नुसता वैतागला. इथं पौषात आपल्या वैशाखासारखी आग पडते. पहाटे पोराइले तीळ वाटून लावले, गार पाण्यानं न्हाऊ घातलं, तर कोणी कुडकुडेच ना! उलट "आणखी टाक" म्हणून नाचून राहिले. तरी रीत मोडू नये म्हणून मी अंगणात शेकोटी पेटवली. शेजारचा खमीस घर पेटलं समजून धावत आला अन् बादलीभर पाणी ओतून गेला. तिळाचे लाडू बाजूलेच होते, त्यांचाही चिखल झाला. हे तर पोट धरून हसत सुटले. मी दिवसभर बोलली नाही त्यांच्याशी.

अन् आज तुझं पार्सल आलं. लेकरं गारठतील म्हणून गोधडी! इथं थंडी नाही, हे किती चिठ्ठ्यांत सांगू?

उलगडली तर तुझ्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ दिसलं. ही तर तुझी रोजची पांघरायची! आता परत धाडली तरी पोचेपर्यंत तिकडे शिमगा होऊन जाईल.

उदाराम, घरात राहून तुले हे दिसलं नाही?

माय, खरं सांग, तू काय पांघरून राहिली?

तुझ्यावर रागावलेली लेक,
शामकला