काटे काढलेला घास

नेरूळ

लाडक्या आईला,

योगिनीचा खुर्चीवरूनच नमस्कार. फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र. मी सांगतेय, मनाली लिहितेय. मनाली म्हणजे संस्थेने दिलेली मदतनीस, मला उचलते, आंघोळ घालते, भरवते. हितेशदादा तुला वाचून दाखवेल.

मी बरी आहे, टेन्शन घेऊ नकोस. फ्लॅट तळमजल्यावर आहे, चाकांची खुर्ची थेट सोसायटीच्या गेटपर्यंत जाते. इथे मी सांगितल्याशिवाय कोणी काही करत नाही. कधी उठायचं, काय खायचं, सगळं मी ठरवायचं. तुझ्याकडे तोंडाने सांगावंच लागलं नाही गं. पाठ अवघडली की तूच येऊन माझी कूस बदलायचीस.

रविवारी दादाने घरून, मोऱ्याहून बोईटं पाठवली. मनाली देशावरची, तिला मासळीची सवय नाही. "ताई, काटे कसे काढू, तुम्ही सांगा," म्हणाली. मला सांगताच येईना. जन्मभर तुझ्या हातून जेवले, पण तुझ्या बोटांकडे कधी बघितलंच नाही. मी नुसतं तोंड उघडायची. शेवटी कालवणाचा रस्सा आणि भात खाल्ला. चांगला झाला होता.

तुझी औषधं वेळेवर घेतेस ना? दादा म्हणाला, लकव्यानंतर तुझा उजवा हात अजून वर होत नाही.

आई, तुझ्या ताटातल्या मासळीचे काटे आता कोण काढतं?

तुझीच,
योगिनी