दोन लढायांचा एक आकडा

रोम, १ जून

तीर्थरूप बाबांस,
कॅल्विडियाचा सा. न. तुम्ही खुशाल असाल तर आम्हीही खुशाल, असं दर पत्रात लिहिते; आज त्यातलं अर्धंच खरं आहे.

सिनेटसाठी तुमच्या इलिरियाच्या मोहिमेचा जो अहवाल मी लिहिला, त्यात चूक आहे. एकाच लढाईत पाच हजार तीनशे शत्रू पडले, असं मी लिहिलं. काल छावणीतून आलेल्या नोंदींच्या पाट्या पुन्हा पाहिल्या. नदीकाठी पडले तीन हजार दोनशे. बाकीचे आठ दिवसांनी, खिंडीत. मी दोन्हींची बेरीज एका लढाईखाली मांडली. तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून माझ्या भरवशावर शिक्का मारलात.

एका लढाईत पाच हजार पडल्याशिवाय विजययात्रा मिळत नाही. सिनेटनं ती मंजूर केली ती माझ्या आकड्यावर, आणि वेशीवर त्याच आकड्याची शपथ तुम्हाला ज्युपिटरच्या नावानं घ्यायची आहे. आपल्या घरातली शिकलेली पहिली मुलगी मी. आत्या तेव्हाच म्हणाली होती, नुमेरियस, पोरीच्या हाती लेखणी देतोयस, तुलाच टोचेल हो!

छावणी हाकेच्या अंतरावर आहे, पण समोर यायचा धीर होत नाही. आईला सांगितलेलं नाही. ती रथाला चार पांढरे घोडे कुठून आणायचे या काळजीत आहे. अंजीर पाठवते आहे.

रागावा, पण लोभ कमी करू नका.
तुमची,
कॅल्विडिया


वेशीबाहेरची छावणी, २ जून

चि. कॅल्विडियास अनेक आशीर्वाद.
अंजीर पोचले, चूकही पोचली. शिक्का मारण्याआधी मी कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवं होतं, तेव्हा निम्मी चूक माझी. खोटी शपथ मी घेणार नाही. तेवीस वर्षं तलवार धरली, पण देवाला फसवलं नाही.

सकाळी सैनिकांना सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. तर म्हातारा फुफियस पुढे येऊन म्हणाला, मग सेनापती, आपण तीन महिने या चिखलात कशाला बसलोय? त्याचं खरं होतं. वेस ओलांडली की विजययात्रेचा हक्क जातो, म्हणून मी बाहेर. आणि कॉन्सलच्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकीसाठी नाव द्यायला स्वतः शहरात जावं लागतं, म्हणून ती निवडणूक मी सोडून दिली होती. आता मला अडवतंय कोण? फुफियस म्हणतो, एक दिवस रथात उभं राहण्यापेक्षा वर्षभर खुर्चीत बसा, गुडघ्यांनाही बरं. सगळी छावणी ढाली बडवून माझ्या नावानं ओरडत होती. इलिरियातसुद्धा असा गजर झाला नव्हता.

विजययात्रा सोडल्याचं पत्र तूच लिही. चूक कारकुनाची म्हण, तुझं नाव नको. उमेदवारांची मुदत तेरा जूनपर्यंत आहे. घोड्यांचं आईला तूच सांग. मला अजून कायद्यानं आत येता येत नाही.

आहे तशीच राहा.
तुझा,
बाबा


रोम, ६ जून

तीर्थरूप बाबांस,
सा. न. आई दुपारपर्यंत रडली. मग उठून डोळे पुसले आणि विचारलं, उमेदवाराचा झगा पांढरा करायला खडू किती लागतो? आता सगळं घर खडूनं भरलं आहे. आत्या शिंकते आहे आणि पुढच्या वर्षीच्या कॉन्सलची बहीण म्हणून शेजारणींना मान तुकवायला लावते आहे.

पत्रात कारकून घातला नाही, हे तुम्ही ऐकलंच. आपल्याकडे कारकून नाही. एक चूक सुधारताना दुसरं खोटं लिहवेना. आकडा माझ्या मुलीनं चुकवला आणि तिनंच दाखवून दिला, ही ओळ तुम्ही खोडली नाहीत. शिक्का मारलेलं पत्र परत आणून देताना फुफियस सांगत होता, तीनदा मोठ्यानं वाचून घेतलीत आणि मगच शिक्का मारलात.

त्या पत्राला सैनिकांनी लॉरेलची फांदी गुंडाळली आहे. मी म्हटलं, फुफियसकाका, ही फांदी विजयाच्या बातमीला लावतात. तर म्हणाला, तुला फक्त आकडे कळतात पोरी, आणि तेही परवापासून.

असाच लोभ असू द्यावा.
तुमची,
कॅल्विडिया

ता. क. ते पत्र सिनेटला पोचेपर्यंत वेस ओलांडायची घाई करू नका. सिनेटची पत्रं यंदाच्या कॉन्सलच्या हाती द्यावी लागतात; तो तुमचा विरोधक आहे, माझी ओळ वाचून हसेल, हसू दे. पत्र मी नोकराबरोबर पाठवणार नाही. त्याच्या दारी सकाळी लोक भेटीला जमतात, तेव्हा सगळ्यांदेखत त्याच्या हातात देणार आहे, परवा, आठ जूनला.