सहा हजार लेखांची चौकशी

ती. ताईस,

कृतानेक नमस्कार. आधी गुडघ्याचं काय ते लिही. मागच्या पत्रात ‘बरं आहे’ एवढंच होतं, आणि तुझं बरं म्हणजे किती बरं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. गेले पंधरा दिवस माझं डोकं असं तापलंय की घरात कुणी समोर येत नाही. यांनी दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी स्वतःहून पंखे पुसायला घेतले. तेव्हा आता तू ऐक.

दोन वर्षांपूर्वी आमचे प्राचार्य (त्यांना आम्ही मागे ‘प्रगतीसाहेब’ म्हणतो, कारण तो शब्द आल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही) कुठल्याशा परिषदेहून आले आणि ग्रंथालय कागदमुक्त करायचं त्यांनी ठरवलं. साठ वर्षांची बांधलेली नियतकालिकं टेम्पोत भरून रद्दीत गेली. चाळीसएक खंड तेवढे ‘शोभेला’ ठेवले. त्या जागी तीस संगणक आले आणि एक काचेचं दार, ज्यावर आजवर चार प्राध्यापक आपटलेत. आता नियतकालिकं असतात कंपनीकडे, आपण पासवर्ड टाकून बाहेरून वाचायची. मी तेव्हाच म्हटलं होतं, साहेब, ही आपली राहिली नाहीत, उद्या त्यांनी कुलूप घातलं तर? ते म्हणाले, “बाई, तुम्ही फार जुन्या वळणाच्या.” सहा महिन्यांत कंपनीने यादीतून तीनशे नियतकालिकं गुपचूप काढली. नवे अंक बंद केले असते तर समजू शकते मी. पण कालपर्यंत वाचत होतो ते जुने अंकसुद्धा गायब. कागदाचा अंक कपाटातून उठून कधी चालू लागला होता का? मी अकरा पत्रं पाठवली. अकराही वेळा उत्तर एकच: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

तर त्या सोमवारी सकाळी दहाला तीसच्या तीस पडद्यांवर एकच ओळ: ‘आपल्या संस्थेला हे वाचण्याचा अधिकार नाही.’ मी फोन लावला. वीस मिनिटं कानात थांबवून ठेवायचं संगीत वाजत राहिलं, मग कंपनीतला एक गोड आवाज म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडून चार दिवसांत सहा हजार लेख उतरवून घेतलेत. याला वाचन म्हणत नाहीत, लूट म्हणतात.” लूट, ताई. एकवीस वर्षांत ग्रंथालयाची पेन्सिलसुद्धा घरी न नेणाऱ्या बाईला. चौकशीचा लेखी अहवाल मिळेपर्यंत कुलूप निघणार नाही म्हणाली.

मग चौकशी समिती. अध्यक्ष कोण, तर मी. (“बाई, तुमच्याइतकं स्वच्छ माणूस इथे दुसरं नाही.”) पासवर्ड ग्रंथालयाबाहेर जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे, मी स्वतः लिहिलेला. तो पासवर्ड मला प्राध्यापकांच्या खोलीत फळ्यावर सापडला, परीक्षा विभागात पंख्याच्या बटणाखाली सापडला, आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या काचेवर, ‘लॅमिनेशन करून मिळेल’च्या खाली, ठळक अक्षरात. मी जाब विचारला तर म्हणतो, “लोक दिवसभर विचारतात मॅडम, मी किती वेळा सांगणार?” जबाब घ्यायला बसले तर इतिहासाचे सर म्हणाले, मला एक लेख उतरवता येत नाही, सहा हजार कुठून आणू. संख्याशास्त्राचे सर दुखावले. म्हणाले, “मी मनावर घेतलं असतं तर सहा हजारांवर थांबलो नसतो.” अशा माणसांची चौकशी करायची, आणि वर चहा आपण पाजायचा.

या सगळ्यात बुधवारी ती संशोधक बाई आली. अडतिसाव्या वर्षी पीएच.डी. करतेय, दोन लेकरं, तीनदा मुदत वाढवून झालेली. खाऱ्या जमिनीतल्या गवताच्या मुळांवर काम. शुक्रवारी पाचपर्यंत प्रबंध द्यायचा होता आणि परीक्षकांनी पस्तीस वर्षांपूर्वीचा एक लेख पाहायलाच सांगितला होता. तो कुलपाच्या आत. माझ्यासमोर बसून ती वहीचा कोपरा दुमडत आणि उलगडत राहिली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी शोभेचे खंड धुंडाळले. तळघरातल्या मोडक्या बाकांमागे अठरा निघाले, दरवाज्यांना टेकण म्हणून सात. हवा तो खंड नव्हता. गुरुवारी समितीच्या बैठकीला प्राचार्यांच्या खोलीत गेले. साहेब प्रगतीबद्दल बोलत होते आणि माझं लक्ष त्यांच्या संगणकाच्या पडद्याखाली गेलं. पडदा उंच करायला तीन जाडजूड खंड. मधल्याच्या पाठीवर आकडा: बेचाळीस. तोच.

“साहेब, हा मला हवाय.”

“बाई, माझी मान दुखते. त्याच उंचीचं दुसरं काहीतरी आणून द्या, मग न्या.”

त्यांच्याच कागदमुक्त धोरणाच्या सहा प्रती कपाटात होत्या. चार पुरल्या. उंची तंतोतंत जमली.

शुक्रवारी साडेचारला तिच्या प्रबंधावर शिक्का बसला. परत आली, आभार वगैरे काही मानले नाहीत, माझ्या टेबलावर मिनिटभर डोकं टेकून बसली आणि लेकरांना आणायला निघून गेली. काल अहवाल दिला: दोषी व्यक्ती निश्चित करता आली नाही, मात्र हे पुन्हा घडणार नाही याची हमी अध्यक्षा वैयक्तिकरीत्या घेत आहेत. कुलूप निघालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि माझा संताप काही उतरत नाही.

गुडघ्याला जप.

तुझी धाकटी

ता.क. पत्रासोबत साबणाच्या वडीएवढी काळी डबी आहे. ती तुझ्या साड्यांच्या कपाटात अगदी खाली ठेव. पाण्यापासून जप आणि कुणाला दाखवू नकोस.

ता.क. दुसरा: त्यात सहा हजार एकशे बारा लेख आहेत. चार दिवस मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला नाही. तीनशे गेली तेव्हा हात चोळत बसले होते, या वेळी बसायचं नाही असं ठरवलं होतं. रागव, पण डबी ठेव.

ता.क. तिसरा: त्या बाईचा लेख यात आहे का, असं तू विचारशीलच. नाही. मी ग्रंथपाल ना, वर्णानुक्रमाने निघाले होते. तिच्या नियतकालिकापर्यंत पोचण्याआधीच माझ्यामुळे कुलूप पडलं. म्हणून साहेबांची मान मोडली असती तरी तो खंड मी काढलाच असता.